गोटा करून केस उपटायची सवय सुटत नाही

भाची स्वतःचे केस उपटते, काय करावं, या प्रश्नावर "भाचीचा गोटाच करून टाका, उपटायला केसच राहणार नाहीत" असा सल्ला आलाय, म्हणून लिहितेय. दहावीत असताना आईने माझ्यावर हाच प्रयोग केला होता. महिनाभरात माझा हात भुवयांकडे वळला.

हा हट्टीपणा नव्हे. हालोपो या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८८९ मध्येच याला ट्रायकोटिलोमेनिया हे नाव दिलं, आणि आता हा ओसीडीच्या (तेच विचार, तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या) भाऊबंदांतला आजार मानतात. बऱ्याचदा हात डोक्यात गेलाय हेच कळत नाही. माझा तर गणितं सोडवताना हमखास जायचा. म्हणून आधी आठवडाभर फक्त नोंद ठेवायला सांगा: केव्हा, कुठे बसून, कोणता हात.

अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांची १९७३ची हॅबिट रिव्हर्सल, म्हणजे सवय मोडायची पद्धत याच नोंदीवर उभी आहे. हात उठायला लागला की मूठ आवळून मिनिटभर तशीच धरायची. पोरखेळ वाटेल, पण औषधांपेक्षा याचाच पुरावा भक्कम आहे. एन-ॲसिटिलसिस्टीन या औषधाचा २००९च्या चाचणीत मोठ्यांना फायदा दिसला, २०१३च्या चाचणीत मुलांना नाही. तेव्हा तिला परस्पर गोळ्या देऊ नका.

आणि हो, उपटलेले केस ती तोंडात घालते का, हे रागावून विचारू नका, गोडीत विचारा. गिळलेले केस पचत नाहीत, पोटात त्यांचा गोळा होतो. पोटदुखी, उलट्या असतील तर मानसोपचारतज्ज्ञांच्या आधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.