मयोर्का बेटावर सहा दिवस सायकल: मुक्काम कुठे करावा आणि कोणते रस्ते आधी घ्यावेत?

मंदगती

नमस्कार. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पत्नी आणि मी सहा दिवसांसाठी स्पेनमधील मयोर्का बेटावर रोड सायकल चालवण्यासाठी जाणार आहोत. दीड हजार मीटर चढाई असलेले १०० किमी मी एका दिवसात पूर्ण करू शकतो. पत्नीला सपाट किंवा हलक्या चढउताराचे ५०-६० किमी मानवतात. सायकली तेथेच भाड्याने घेऊ.

वाचावे तेथे सा कालोब्राचाच उल्लेख आढळतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी तो घाट करून टाकावा असे मनात आले आहे. मुक्काम सोयेरला करावा की उत्तरेकडील पोर्ट दे पोलेन्साला, हे ठरत नाही. सोयेर डोंगरांच्या मधोमध असल्यामुळे मला मोह होतो. शिवाय बेटाच्या नैर्ऋत्येकडील आंद्राच ते उत्तरेकडील पोलेन्सा हा डोंगरातून जाणारा एमए-१० रस्ता एकाच दिवसात सलग करण्यात काही अर्थ आहे का, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.

खिंडीपलीकडे

मुक्काम पोर्ट दे पोलेन्सालाच करावा, असे मी नि:शंकपणे सुचवेन, आणि त्याचे कारण आपल्या प्रश्नातच आहे. सोयेर तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले असून तेथून बाहेर पडणारा सायकलचा प्रत्येक रस्ता गाव सोडताच चढू लागतो. बेटाची राजधानी पाल्माकडे जाणाऱ्या मोठ्या बोगद्यातून सायकल नेण्यास मनाई आहे, त्यामुळे त्या बाजूलाही सोयेर खिंडीचा वळणावळणाचा जुना रस्ताच घ्यावा लागतो. आपल्याला ते आवडेल, पण आपल्या पत्नीला सहाही दिवस सकाळी पहिल्याच पेडलपासून चढ लागेल. उत्तरेकडे मात्र एका हाताला त्रामुन्ताना पर्वतरांग, दुसऱ्या हाताला मैदान आणि समोर उपसागर असल्यामुळे एकाच दारातून दोघांना दोन वेगळ्या दिशांना निघून दुपारी परत भेटता येते.

पहिला दिवस फोर्मेंतोरच्या दीपगृहासाठी ठेवावा. जाऊन-येऊन अंतर ४० किमीच्या आसपासच आहे, पण रस्ता सतत चढतो-उतरतो, त्यामुळे भाड्याच्या सायकलीचे ब्रेक आणि गिअर कसे आहेत हे मोठ्या घाटापूर्वीच कळते. तेथील सायकलींना बहुधा डावा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि उजवा मागच्या चाकाचा असतो. उलट सवय असलेल्याने हे उतारावर शिकू नये. १८६३ पासून उभे असलेले हे दीपगृह समुद्रापासून सुमारे २१० मीटर उंचीवर, कड्याच्या टोकाशी आहे. तेथे सकाळी लवकर पोहोचावे, कारण नंतर अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लागते. वळणांवर रानबकऱ्या निवांत उभ्या असतात आणि त्या बाजूला होतील असे गृहीत धरू नये. कोलोमेरच्या निरीक्षणस्थळापर्यंतचा पहिला चढ जमला तर आपल्या पत्नीही या फेरीत येऊ शकतील, आणि त्यांनी तेथूनच परत फिरायचे ठरवले तरी सर्वांत देखणा भाग पाहून झालेला असेल.

दुसऱ्या दिवशी फेमेनिया खिंडीतून युकच्या मठापर्यंत जावे. साडेसात किमीचा हा चढ सरासरी साडेपाच टक्क्यांचा असून पाइन आणि ओकच्या सावलीतून जातो. लय सापडण्यासाठी बेटावर याहून चांगला घाट मला तरी माहीत नाही. परतताना काइमारीकडे उतरून सेल्वा आणि कांपानेतवरून मैदानातून यावे.

सा कालोब्रा त्यानंतर, तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी.

उतारभीरू

वरील क्रमाशी सहमत आहे. सा कालोब्राबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पहिल्या खेपेस मी ते चुकीच्या वेळी केले.

हा रस्ता समुद्रकाठी संपतो, पुढे कुठेही जात नाही. म्हणजे आधी ६८२ मीटर उंचीच्या रेस खिंडीतून खाली बंदरापर्यंत उतरायचे आणि मग तोच सुमारे साडेनऊ किमीचा, सरासरी सात टक्क्यांचा घाट चढून बाहेर यायचे. चढाईपेक्षा हा उलटा क्रमच अनेकांना नडतो. उतरताना पाय थंड पडतात, हात ब्रेकवर आवळून दुखू लागतात, आणि खाली पोहोचल्यावर शरीर तापण्यापूर्वीच चढ सुरू होतो. म्हणून खाली दहा मिनिटे थांबून काहीतरी खावे आणि पहिले दोन किमी मुद्दाम संथ चालवावेत. कॉम्पॅक्ट क्रँक (पेडलपाशी लहान दातेरी चक्रे) आणि मागे ३२ किंवा ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा संच) असलेली, म्हणजे चढाला हलके गिअर देणारी सायकल मागून घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

वेळ अधिक महत्त्वाची. मी अकराच्या सुमारास खाली उतरत होतो आणि त्याच वेळी पर्यटकांच्या बसगाड्या वर-खाली करत होत्या. एका वळणावर दोन बस समोरासमोर आल्या, एक मागे सरकेपर्यंत आम्ही पंधरा-वीस सायकलस्वार उतारावर एक पाय टेकून उभे होतो, आणि पुढची सगळी चढाई डिझेलच्या धुरात झाली. पोर्ट दे पोलेन्साहून जाऊन-येऊन जवळपास १०० किमी होतात, तेव्हा उजाडताच निघून साडेनऊच्या आत खाली पोहोचावे.

रस्त्याची रचना मात्र उतरतानाही थांबून पाहण्यासारखी आहे. १९३२ मध्ये बांधलेल्या या रस्त्याचे अभियंता आंतोनियो पारियेती यांनी डोंगर पोखरून बोगदा काढण्याऐवजी रस्त्यालाच वळणे दिली, आणि खिंडीखालच्या एका ठिकाणी तर तो स्वतःभोवती २७० अंशांत फिरून आपल्याच पुलाखालून जातो. स्थानिक लोक या जागेला नेकटायची गाठ म्हणतात. फोर्मेंतोरचा रस्ताही पारियेती यांचाच, त्यामुळे दोन्ही पाहिल्यावर त्यांचा हात ओळखू येतो.

सपाटपंथी

मी थोडा विरोधी सूर लावतो. डोंगरासाठी एकच मोठा दिवस हाताशी असेल, तर मी सा कालोब्रा सोडून एमए-१० ची मोठी फेरी घेईन: पोलेन्सा, युक, गोर्ग ब्लाउ आणि कुबेर ही जलाशये, पुइग माजोर शिखराच्या कुशीतील बोगदा, मग सोयेरपर्यंतचा १४ किमीचा उतार, सोयेर खिंड, बुन्योला आणि इंकावरून परत. अंतर सव्वाशे किमीहून थोडे अधिक भरते. सोयेरहून वर येणारा तोच १४ किमीचा चढ सरासरी सहा टक्क्यांचा असून एकसुरी वाटतो. उलट दिशेने तीच उंची टप्प्याटप्प्याने, जलाशयांच्या काठाने मिळते.

आंद्राच ते पोलेन्सा एका दिवसात करण्याचा हट्ट कशासाठी, हे मला कधीच कळलेले नाही. बान्यालबुफार आणि देया ही गावे घाईने ओलांडण्यासारखी नाहीत. करायचेच असेल तर दिशेचा विचार करावा. तेथे वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे पोलेन्साकडून आंद्राचकडे जाताना समुद्र आपल्या बाजूला राहतो. उलट येताना मध्ये समोरची वाहतूक असते.

आपल्या पत्नीसाठी पोलेन्सा, कांपानेत, सा पोब्ला, मुरो आणि आल्कुदिया ही फेरी उत्तम आहे. दगडी कुंपणांमधील शेतरस्ते, जवळजवळ शून्य चढाई, आणि शेवटी आल्कुदियाहून पोर्ट दे पोलेन्सापर्यंत उपसागराच्या अगदी काठाने जाणारा रस्ता. त्या शेवटच्या पट्ट्यात वारा समोरून असला तर सपाट रस्ताही चढासारखा वाटतो, म्हणून तेवढ्यापुरते पाय राखून ठेवावेत. एखाद्या दिवशी दोघांनी मिळून सिनेउला जावे; बुधवारी तेथे जुना आठवडी बाजार भरतो, तेव्हा गल्ल्यांतून सायकल हातात धरूनच जावे लागते.

मंदगती

सर्वांचे मनापासून आभार. मुक्काम पोर्ट दे पोलेन्सालाच करतो आणि चौथा दिवस सा कालोब्रासाठी राखून ठेवतो. मोठी फेरी सहाव्या दिवशी ठेवली तर पाय साथ देतील का, हीच धाकधूक आहे. पुइग माजोरच्या बोगद्यासाठी वेगळी काही तयारी लागते का?

खिंडीपलीकडे

पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा बोगद्यात शिरण्यापूर्वीच लावावा, आणि लांबून दिसेल असा परावर्तक पट्ट्यांचा अंगरखा घालावा. काळा चष्मा बाहेरच काढावा. लख्ख उन्हातून आत जाताच काही क्षण काहीच दिसत नाही. गावाबाहेर हेल्मेट घालण्याचा नियम आहे. दोघांनी शेजारी शेजारी चालवण्यास परवानगी आहे आणि सायकलीला मागे टाकून पुढे जाणाऱ्या मोटारीने किमान दीड मीटर अंतर ठेवावे असा कायदा आहे, तरी आंधळ्या वळणावर एकामागे एकच राहावे. बोगदा संपताच उतार सुरू होतो आणि वर चांगलीच थंडी असते, तेव्हा वाऱ्याचे जाकीट बोगद्याच्या अलीकडेच चढवावे. मोठी फेरी सहाव्याऐवजी पाचव्या दिवशी ठेवली, तर पाऊस आला तरी एक दिवस हाताशी उरेल.