नडगीच्या हाडातली गाठ : धातूचा सांधा, स्वतःचंच हाड की तिसरा रस्ता? (सल्ला हवा)

कापूसकोंडी
भाच्याला (वय १३) उजव्या नडगीत, गुडघ्याच्या लगेच खाली, ऑस्टिओसार्कोमा (हाडाचा कर्करोग) निघालाय. फुटबॉल खेळताना लागलं असेल म्हणून दोन महिने मलम आणि गरम पट्ट्यावर काढले. रात्री दुखून जाग यायला लागली तेव्हा एक्स-रे झाला. बायॉप्सी झाली, छातीचा सीटी स्वच्छ आहे, तिन्ही औषधांचा केमो (मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन) सुरू झालाय. ऑपरेशन अजून आठेक आठवड्यांवर आहे.

सर्जननी तीन रस्ते सांगितले. १) गाठीचा भाग काढून धातूचा मोठा सांधा. २) त्याचंच हाड काढून, त्यातल्या गाठीच्या पेशी मारून, परत बसवणं. ३) रोटेशनप्लास्टी, म्हणजे खालचा पाय उलटा फिरवून मांडीला जोडणं. तिसऱ्याचं चित्र बघितल्यावर ताई खोलीतून उठूनच गेली. भावोजी "पाय वाचला पाहिजे" या एका वाक्याच्या पुढे जात नाहीत. प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलंय आणि काय विचारायचं तेच मला कळत नाहीये. ज्यांनी यातलं काही भोगलंय त्यांनी कृपया लिहा. धीर देणारे बरेच जण आहेत, मला माहिती हवी आहे.

लोखंडी_गुडघा
पहिला रस्ता माझा. एकोणिसाव्या वर्षी ऑपरेशन झालं, त्याला आता अकरा वर्षं झाली. जागाही हीच.

स्वतःच्या नडगीवरून हात फिरवून बघा. पुढून हाडावर फक्त कातडी आहे. मांडीत धातू घातला तर त्याच्याभोवती मांस असतं, इथे काहीच नसतं, म्हणून इथे जंतुसंसर्गाची भीती जास्त. त्यासाठी पोटरीच्या आतल्या बाजूचा स्नायू सोडवून पुढे फिरवतात आणि धातूवर पांघरतात. दुसरी गोम म्हणजे गुडघ्याच्या वाटीखालचा जो कंडरा पाय सरळ करतो, तो नेमका याच हाडाला चिकटलेला असतो. हाड गेलं की त्याला धरायला जागाच उरत नाही. तो धातूला बांधतात आणि त्या फिरवलेल्या स्नायूलाही शिवतात. तो जिवंत मांसात रुजावा म्हणून माझा पाय सहा आठवडे पट्ट्यात ताठ ठेवला होता. एक दिवस कंटाळून मी पट्टा सैल केला आणि फिजिओकडून जन्माचं ऐकून घेतलं.

आज काय येतं : चालणं, पोहणं, जिना चढणं, बेताची सायकल. काय येत नाही : धावणं, उडी मारणं. स्वतःच्या ताकदीवर पाय शेवटचे दहा-बारा अंश सरळ होत नाही, त्यामुळे उतारावर कठडा धरते. ऑपरेशननंतर आठव्या वर्षी चालताना टक् टक् वाजायला लागलं. बिजागरीतला प्लास्टिकचा बुश झिजला होता, तो बदलला. पहिल्या ऑपरेशनच्या मानाने किरकोळ, पण ऑपरेशन ते ऑपरेशनच. तेराव्या वर्षी धातू बसला तर अशा दुरुस्त्या आयुष्यात अनेकदा होणार, हे आधीच विचारून ठेवा. कोणी आपणहून सांगत नाही.

सदाहरित
केमोच्या भानगडीत पडण्याआधी एकदा चांगल्या मालिशवाल्याला दाखवा. आमच्या शेजाऱ्यांची सूज आठ दिवसांत उतरली.

शेवंती
@सदाहरित, शेजाऱ्यांना गाठ होती का सूज? कर्करोगाची गाठ कोणी चोळत नाही. कृपया हा सल्ला इथे देऊ नका.

कापूसकोंडी, बायॉप्सीची खूण कशी आहे ते बघा. उभी की आडवी? माझ्या नवऱ्याच्या पोटरीशी जायंट सेल ट्यूमर होता. तो सौम्य असला तरी हाड पोखरतो. एके ठिकाणी घाईत आडवा छेद देऊन नमुना घेतला. बायॉप्सीच्या वाटेत गाठीच्या पेशी सांडलेल्या असू शकतात. म्हणून घातक गाठ असेल तर ती सगळी वाट, कातडीसकट, मोठ्या ऑपरेशनमध्ये काढावी लागते. उभी रेघ असेल तर ती नेहमीच्या छेदात जाते, आडवी असेल तर कातडीच पुरत नाही. आमचं निदान सौम्य निघालं म्हणून निभावलं : गाठ खरवडली, ड्रिलने कडा घासल्या, पोकळीत सिमेंट भरलं. पुन्हा उलटण्याची धास्ती मात्र दर तपासणीला असते. शक्यतो जो सर्जन ऑपरेशन करणार त्यानेच बायॉप्सी करावी, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

हाडाचा_डॉक्टर
हेच काम करतो. रिपोर्ट बघितलेले नाहीत, त्यामुळे यातला कोणताच रस्ता घ्या असं सांगणार नाही. तुमच्या सर्जनना विचारायचं तेवढं लिहितो.

आधी भावोजींच्या वाक्याबद्दल. गाठ भोवतालच्या निरोगी मांसाच्या आवरणासकट निघत असेल तर पाय ठेवल्याने जगण्याची शक्यता कमी होत नाही, आणि पाय कापल्याने वाढतही नाही. म्हणून पहिला प्रश्न : "गुडघ्यामागची रक्तवाहिनी आणि नस (मज्जातंतू) गाठीपासून किती लांब आहेत?" केमोनंतरचा एमआरआय पुढ्यात ठेवून हे विचारा. तो पूर्ण नडगीचा हवा, कारण त्याच हाडात वर-खाली सुटा ठिपका असू शकतो.

दुसरा, वाढीचा. नडगीच्या वरच्या टोकाची वाढपट्टी (जिथून हाड लांब होतं तो थर) वर्षाला साधारण ६ मिमी वाढवते. मुलग्यांची वाढ सोळाच्या सुमारास थांबते, म्हणजे हिशेब दोन सेंमीच्या आसपास. एवढ्यासाठी वाढवता येणारा सांधाच हवा असं नाही. थोडा लांब सांधा बसवून किंवा योग्य वेळी दुसऱ्या पायाची वाढपट्टी बंद करून जमतं. पण धातूची दांडी वर मांडीच्या हाडात जाते, आणि तिथली वाढपट्टी वर्षाला ९-१० मिमी देते. "ती शाबूत ठेवणार का?" हे नक्की विचारा.

तिसरा, स्वतःच्या हाडाचा. कापलेलं हाड बाहेर काढून त्याला एकाच वेळी ५० ग्रे (ग्रे हे किरणांचं माप) किरण देतात, किंवा उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये २० मिनिटं बुडवतात. पेशी मरतात, आकार राहतो, आणि हाड आपल्या जागी चपखल बसतं. पण ते मेलेलं असतं. सांधायला वर्ष लागू शकतं, मोडू शकतं, म्हणून पुष्कळदा आत रक्तवाहिनीसकट फिब्युला (नडगीशेजारचं बारीक हाड) घालतात. नडगीच्या मधल्या भागात ही युक्ती मला आवडते. गुडघ्याच्या टोकाशी गाठीने हाड आधीच पोखरलेलं असेल तर मी कचरतो. विचारा : "हाड भार घेण्याइतकं भक्कम आहे का, आणि सांध्याचं काय?"

काढलेल्या गाठीच्या तपासणीत ९० टक्के किंवा जास्त पेशी मेलेल्या दिसल्या तर केमो चांगला लागू पडला असं म्हणतात. तो आकडाही मागून घ्या.

अवांतर : टेरी फॉक्सला १९७७ साली हाच आजार झाला, पाय गुडघ्याच्या वर कापला. १९८० मध्ये तो कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किमी धावला. पुढे आजार फुप्फुसात आला आणि १९८१ मध्ये तो गेला. आज केमोमुळे चित्र पुष्कळ बदललंय. पण पाय गेला म्हणजे हरलो, असं नव्हतं आणि नाही, एवढं ताईंना सांगा.

उलटं_पाऊल
तिसरा रस्ता आमचा, म्हणजे माझ्या मुलाचा. नवव्या वर्षी केलं, आता तो पंधराचा आहे. तुमच्या ताई उठून गेल्या, मी फॉर्म टेबलावरच फाडला होता.

काय करतात ते साध्या भाषेत : गाठीसकट गुडघा काढतात. खालचा उरलेला पाय १८० अंश फिरवून मांडीला जोडतात. टाच पुढे, बोटं मागे. घोटा आता गुडघ्याच्या जागी येतो आणि गुडघ्याचंच काम करतो. खाली कृत्रिम पाय लागतो. मुख्य नस गाठीपासून मोकळी असेल तरच हे जमतं, कारण ती न कापता गुंडाळून ठेवतात. ही कल्पना कर्करोगासाठी वापरण्याच्या आधीची आहे. १९५० मध्ये फान नेस यांनी जन्मतः आखूड मांडीसाठी लिहिलं होतं, आणि व्हिएन्नाच्या कोट्झ आणि झाल्झर यांनी १९८२ मध्ये मुलांच्या गाठींसाठी.

फायदा असा की आत झिजणारं यंत्र नाही. हाड जुळलं की विषय संपला. मुलगा धावतो, सायकल चालवतो, पडतो, उठतो. तोटा दिसण्याचा, आणि तो लहान नाही. पहिलं वर्षभर तो पोहायच्या तलावाकडे फिरकला नाही. मग एका मुलीने विचारलं, "हे खरंच तुझं पाऊल आहे?" याने मागे वळलेली बोटं हलवून दाखवली. तेव्हापासून लपवणं बंद. सगळ्यांना असंच जमेल म्हणत नाही. आईबापांनी ठरवून टाकू नये, मुलाला चित्र आणि व्हिडिओ दाखवावेत. आम्ही दाखवले नाहीत, त्याबद्दल तो अजून बोलून दाखवतो.

कापूसकोंडी
सगळ्यांचे आभार. प्रश्न वहीत उतरवून घेऊन गेले होते. रक्तवाहिनी आणि नस आत्ता तरी मोकळ्या आहेत, केमोनंतर पुन्हा बघणार. हाड बरंच पोखरलंय, त्यामुळे दुसरा रस्ता सर्जननी स्वतःच बाजूला ठेवला. बायॉप्सीची खूण उभी आहे. (शेवंती, हे बघताना हात थरथरत होते.) राहिले पहिला आणि तिसरा.

काल भाच्याला दोन्ही दाखवलं. ताई दारात उभी राहून ऐकत होती. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "धातूवाल्यात फुटबॉल बंद ना? मग त्या उलट्या पायाने कॉर्नर मारता येतो का, ते विचार."

@उलटं_पाऊल, येतो का?

उलटं_पाऊल
आत्ताच विचारलं. म्हणतो येतो, पण पहिल्या वर्षी चेंडूऐवजी जमिनीला जास्त लाथा बसतात. शनिवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करूया, तो तयार आहे. त्याची एकच अट आहे : मोठी माणसं खोलीत नकोत. वेळ व्यक्तिगत निरोपात कळवते.