अंजनेरीचा डावरा शंख आणि आमच्या कुंडीतल्या गोगलगायी, जात एकच का?

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला मखमलाबाद रोडला राहतो. घरामागे दीड गुंठा जागा आहे. सासूबाईंनी लावलेलं अळू, पालकाचा वाफा, दोडक्याचा मांडव, पपईची दोन झाडं आणि वीसेक कुंड्या. गेले पंधरा दिवस पाऊस लागून राहिलाय, आणि सकाळी उठून पाहावं तर पपईच्या बुंध्याला, कुंड्यांच्या कडांना, कंपाउंडच्या चुना दिलेल्या भिंतीला गोगलगायीच गोगलगायी. काल मोजल्या, त्रेचाळीस भरल्या. मोठ्यात मोठी माझ्या मधल्या बोटाएवढी लांब. शंख तळाशी फुगीर, वर निमुळता, त्यावर तपकिरी उभे पट्टे. पालकाच्या दोन रात्रींत नुसत्या दांड्या उरल्या.

कॉलनीत ठरलंय की रविवारी सगळ्यांनी आपापल्या आवारात मीठ मारायचं आणि औषधाच्या गोळ्या टाकायच्या.

अडचण वेगळीच झाली. मागच्या महिन्यात अंजनेरीच्या डोंगरावर गेलो होतो, तेव्हा मुलाने (चौथीत आहे) एक रिकामा शंख खिशात घालून आणला होता. पातळ, फिकट, चपटासा, दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा मोठा. काल त्याने तो आणि इथला एक मेलेल्या गोगलगायीचा शंख शेजारी ठेवला आणि म्हणाला, "आई, डोंगरातला उलटा फिरलाय." मी चष्मा लावून पाहिलं. खरंच उलटा आहे! आता त्याचा एकच धोशा: मीठ टाकलं तर ही उलटीवालीसुद्धा मरेल का?

मला उत्तर देता आलं नाही. या दोन एकाच जातीच्या आहेत का? डोंगरातल्या गोगलगायी आमच्या अंगणात येतात का? आल्या तर ओळखायच्या कशा?

पेठरोड

ताई, एवढा विचार नका करू. खडेमीठ भरपूर टाका, तासाभरात पाणी होतं सगळ्यांचं. आमच्याकडे तेच करतात. गोगलगायींना खाणारी दुसरी एक गोगलगाय असते असंही ऐकलंय. ती कुठे मिळत असेल तर आणून सोडावी, म्हणजे कायमची कटकट गेली.

काडेपेटी

ताई, तुमच्या मुलाला माझा आशीर्वाद सांगा. शंख कुठल्या हाताचा आहे हे नववीतल्या मुलांनाही दोन-दोन वेळा दाखवावं लागतं. त्याने स्वतःहून पाहिलं.

मी नाशिकमध्येच एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होतो. शंख गोळा करायचा नाद तिथेच लागला. काडेपेट्यांत कापूस घालून ठेवतो आणि वर पेन्सिलीने गाव, तारीख, झाड लिहितो. शाईचं लिखाण ओल लागली की पसरतं, पेन्सिलीचं टिकतं.

आधी तुमच्या अंगणातली. वर्णनावरून ती आफ्रिकन राक्षसी गोगलगाय आहे, लिसाकॅटिना फुलिका. जुन्या पुस्तकांत हिचं नाव अकॅटिना फुलिका सापडेल. बाई तीच, पुढे अभ्यासकांनी तिचा वंश वेगळा मानला. संघ मृदुकाय, वर्ग उदरपाद, कुल अकॅटिनिडी. उदरपाद म्हणजे पोट हाच ज्याचा पाय आहे असा. आपण 'गोगलगाय आणि पोटात पाय' म्हणतो ते वरून गरीब दिसणाऱ्या लबाड माणसाला, पण ज्याने कुणी ती म्हण पहिल्यांदा उच्चारली त्याने हा प्राणी उलटा करून नीट पाहिला असणार. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

हिचं मूळ पूर्व आफ्रिकेत, केनिया-टांझानियाच्या बाजूला. भारतात आली १८४७ साली. विल्यम बेन्सन नावाचे ब्रिटिश अधिकारी होते, स्वतः शंखांचे मोठे जाणकार. मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी त्यांच्यामार्फत कोलकात्याला चौरंगीच्या एका बागेत सुटल्या. शंखांवर जीव असलेल्या माणसाच्या हातून हे घडलं, याचं मला अजून वाईट वाटतं. पुढचं काम गोगलगायीने स्वतः केलं. प्रत्येकीत नर आणि मादी दोन्ही असतात, एका वेळी शंभर ते चारशे अंडी, आणि एकदा मीलन झालं की शुक्राणू साठवून महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा अंडी घालता येतात. कोरड पडली की मातीत किंवा दगडाखाली शिरते, शंखाच्या तोंडावर पापुद्र्यासारखा पडदा लावते आणि पावसाची वाट बघत पडून राहते. म्हणून आपला उन्हाळा तिला मारत नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे उगवत्या सोयाबीनचा जो फडशा पडला, तो शंखी गोगलगायींनीच.

तुमच्या भिंतीवर ती का चढते, तर चुन्यासाठी. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि ते तिला कुठून तरी मिळवावं लागतं. जिभेवर किसणीसारखे बारीक दात असतात, त्याने ती चुना खरवडून खाते. सकाळी उन्हाच्या तिरपीत भिंत पाहा, नागमोडी खरवडल्याच्या खुणा दिसतील. मुलाला नक्की दाखवा.

आता डोंगरातला शंख. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजवीकडे आलं तर शंख उजवा, डावीकडे आलं तर डावा. जगातल्या बहुतेक गोगलगायी उजव्या. तुमची आफ्रिकन उजवीच. पण सह्याद्रीत एरिओफँटा नावाचा वंश आहे आणि त्यातल्या बऱ्याच जाती डावऱ्या आहेत. त्यांपैकी एरिओफँटा लिव्हिपेस हिला १७७४ मध्येच म्युलर यांनी नाव दिलं. पातळ शंख, चपटी ठेवण आणि डावा फेरा हे तिन्ही धरून तुमचा शंख एरिओफँटाचा वाटतो. जात कोणती हे रिकाम्या शंखावरून सांगणार नाही, कारण या गटात शंख फसवतो. १९०८ साली ब्लॅनफर्ड आणि गॉडविन-ऑस्टेन यांनी भारतातल्या गोगलगायींवर मोठा ग्रंथ काढला, त्यात हिला झोनिटिडी कुलात घातलं होतं. आज एरिओफँटिडी हे स्वतंत्र कुल आहे. गॉडविन-ऑस्टेन म्हणजे तेच, काराकोरममध्ये के-टू शिखराच्या भागाची मोजणी करणारे. शंखाच्या रूपावर विसंबू नका, आतली इंद्रियं उघडून बघा, हा आग्रह त्यांनी धरला. एवढाल्या हिमनद्या मोजलेला माणूस नखाएवढ्या गोगलगायीचं विच्छेदन करत बसायचा.

या दोघी राहतात कुठे, यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. एरिओफँटा मी पाहिली ती अंजनेरी, ब्रह्मगिरी, इगतपुरीकडच्या रानात. करवंदाच्या जाळीत, झाडाच्या सालीवर, शेवाळलेल्या कातळावर, भर पावसात. तिला पालापाचोळा लागतो, सावली लागते, हवेत ओल लागते. इगतपुरीला जेवढा पाऊस पडतो त्याचा चौथा हिस्सा आपल्या शहरात पडतो, आणि पुढे निफाड-येवल्याकडे त्याहूनही कमी. मखमलाबादच्या अंगणात मला ती ३१ वर्षांत एकदाही दिसलेली नाही. आफ्रिकन मात्र जिथे माणूस तिथे: कुंडी, उकिरडा, गटाराची कड, विटांचा ढीग. एकीच्या मागे जंगल असतं, दुसरीच्या मागे आपण.

पेठरोड, तुमचं दुसरं सुचवणं कृपा करून कुणी मनावर घेऊ नका. हा प्रयोग जगात होऊन गेलाय. गोगलगायी खाणारी युग्लँडिना नावाची गोगलगाय १९५५ मध्ये हवाईला आणि १९७७ मध्ये प्रशांत महासागरातल्या मूरेआ बेटावर सोडली. तिने आफ्रिकन संपवली नाही. मूरेआवरच्या पार्ट्युला नावाच्या देखण्या स्थानिक गोगलगायी मात्र दहा वर्षांत रानातून नाहीशा झाल्या. खाणारे आपल्याकडे आहेतच. भारद्वाज मोठ्या शंखाचीही गोगलगाय फोडून खातो. काजव्यांच्या अळ्या तर गोगलगायींवरच वाढतात. भंडारदऱ्याला काजवे बघायला गर्दी करणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं, की त्या झाडाच्या बुडाशी गोगलगाय होती म्हणून वर उजेड आहे.

निफाडची बाग

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी शेतकऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी घालतो. ताई, मीठ मातीत अजिबात टाकू नका. क्षारांपायी आम्ही द्राक्षबागेत डॉगरिजचे (क्षार सोसणाऱ्या रानद्राक्षाचे) खुंट लावून बसलोय आणि तुम्ही पालकाच्या वाफ्यात हाताने मीठ ओतणार? गोगलगाय मरेल, पण वाफाही जाईल.

आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी आली. बांधावरून आली नाही, रोपांच्या पिशव्यांतून आली. एका नर्सरीतून शोभेची शंभर रोपं आणली होती बंगल्यापुढे लावायला, त्या मातीत साबुदाण्यापेक्षा जरा मोठी, पिवळट पांढरी अंडी होती. मी ती खताचे दाणे समजलो. पुढच्या पावसाळ्यात ठिबकच्या नळ्यांवर, वेलींच्या बोदावरच्या (वरंब्यावरच्या) पाचटाखाली सगळीकडे ती. गोडी छाटणीनंतर (फळांसाठी करतात ती) फुटवे कोवळे असतात, तेव्हा मी रात्री बॅटरी घेऊन बागेत फिरलोय.

उपाय एवढाच. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी जागोजागी टाकायचं. पहाटे उलटं केलं की खाली जमलेल्या असतात. हातमोजे घालून वेचायच्या, मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या आणि नंतर खोल खड्ड्यात पुरायच्या. मीठ बादलीत, मातीत नाही. झाडाच्या खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, तांब्यावरून ती चढत नाही. गोळ्या टाकणार असाल तर कॉलनीतली कुत्री सांभाळा, त्यातल्या मेटाल्डिहाइड या विषाने कुत्रं दगावतं. आमचं दगावलं. राजा नाव होतं त्याचं, नऊ वर्षांचा होता.

मखमलाबादकर

काका, दादा, मनापासून आभार. राजाचं वाचून पोटात कालवलं. कॉलनीच्या ग्रुपवर तुमचं लिखाण जसंच्या तसं टाकलं, गोळ्यांचं रद्द झालं.

भिंतीवरच्या खुणा सापडल्या! मुलगा शाळेची रिक्षा येईपर्यंत तिथेच उभा होता.

कुंड्या उलट्या केल्या, तिसऱ्याच कुंडीत अंडी निघाली. त्या कुंडीतलं जास्वंदाचं रोप मार्चमध्ये विकत आणलेलं. आता नवी शंका. अळूच्या बुडाशी काही अगदी छोट्या आहेत, चपट्या, काचेसारख्या चकचकीत शंखाच्या, करंगळीच्या नखाएवढ्या. ही मोठीची पिल्लं की आणखी कुणी? शंख उजवाच आहे, मी पाहिला.

काडेपेटी

छान पाहिलंत. आणि एक दुरुस्ती माझ्याच लिखाणाला: डावी म्हणजे आपली आणि उजवी म्हणजे परकी, असा अर्थ कुणी काढू नये. आपल्याकडच्याही पुष्कळ गोगलगायी उजव्या आहेत.

आफ्रिकनचं पिल्लू लहानपणीही उभट असतं, टोक बोथट गोळीसारखं. चपट्या आणि चकचकीत असतील तर मॅक्रोक्लॅमिस वंशातल्या असाव्यात. ती इथलीच, एरिओफँटाच्याच कुलातली. खात्रीसाठी भिंगाने तिची शेपटी बघा. चालताना मागच्या टोकाला एक खाच आणि तिच्यावर इवलंसं शिंग दिसेल. ते एरिओफँटिडींचं लक्षण, आफ्रिकनला ते नसतं. कोवळी पानं तीही थोडी खाते, पण बहुतेक वेळ कुजलेल्या पाल्यात असते. तिला अळूखाली राहू द्या.

अजून एक पाहण्यासारखं आहे, त्र्यंबकला पावसात गेलात तर. तिथे शंखाला झाकण असलेली छोटी गोगलगाय दिसते, सायक्लोफोरिडी कुलातली. आत गेली की दार लावून घेते. तुमच्या अंगणातल्यांना डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या असतात आणि डोळे लांब जोडीच्या टोकाला. झाकणवालीला एकच जोडी आणि डोळे तिच्या बुडाशी. तिच्यात नर वेगळा, मादी वेगळी. नात्याने ती या सगळ्यांपेक्षा तळ्यातल्या झाकणवाल्या शंखांना जवळची. म्हणजे पाण्यातून जमिनीवर यायचं काम गोगलगायींनी एकाहून अधिक वेळा, वेगवेगळ्या वाटांनी केलं. हे मी पहिल्यांदा समजून घेतलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पालेभाज्या मात्र कच्च्या खाऊ नका आणि मुलाला जिवंत गोगलगाय उघड्या हाताने धरू देऊ नका. आफ्रिकनच्या अंगात उंदरांच्या फुफ्फुसातल्या जंताच्या अळ्या असू शकतात, माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. भाजी धुऊन, शिजवून खाल्ली की भीती नाही.

शंखाचं म्हणाल तर अंजनेरी राखीव क्षेत्र आहे, पुढच्या खेपेला तिथलं तिथे राहू द्या. रिकामा शंखही वाया जात नाही, त्यातला चुना मातीत मुरतो, पक्षी अंड्यांच्या कवचासाठी त्याचे तुकडे खातात. पण हा आणलेला नीट ठेवा. कुठे सापडला ते लिहून ठेवलं नाही तर त्याचा कुणाला उपयोग नाही. आमची प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत हलवली तेव्हा माझ्या दोनशेच्या वर पेट्यांच्या चिठ्ठ्या कुणीतरी काढून एकत्र केल्या. शंख सगळे शाबूत होते. मी ते एक-एक करून हातात घेतले आणि मला एकाचंही गाव सांगता आलं नाही.

मखमलाबादकर

रविवारचा हिशेब: आमच्या ओळीतल्या सहा घरांत मिळून तीन बादल्या. दोनशे ऐंशीपर्यंत मोजल्या, पुढे सोडून दिलं. शेजारच्या काकूंनी गुळाचं पाणी केलं, गोणपाटं वाण्याकडून आणली. मातीत मीठ कुणीही टाकलं नाही. अळूखालच्या चकचकीत आहेत तिथेच. शेपटीवरचं शिंग भिंगातून मुलाला दिसलं, मला नाही दिसलं.

काका, काडेपेटी रिकामी करून दिली त्याला. त्याने स्वतः पेन्सिलीने लिहिलंय, जसंच्या तसं देते: "अंजनेरी. पायऱ्या संपल्यावर डावीकडे. करवंदाची जाळी. पाऊस चालू होता. तारीख आईला विचारणे." तारीख मला आठवत नव्हती, फोनमधल्या फोटोंवरून शोधून सांगितली.

काडेपेटी

तारखेखाली त्याला स्वतःचं नाव लिहायला सांगा. ज्याला सापडला त्याचं नाव पेटीवर असतंच.