विषय: देखभालीच्या अभ्यासाला आपल्याकडून एकही नाव का नाही?

नमस्कार मंडळी,

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्या कुटुंबीयांचा एक अभ्यास चालू आहे. त्याचं निवेदन मी गेल्या महिन्यात इथे टाकलं होतं. एकही उत्तर आलं नाही. आता त्या लोकांचा समज होईल की आपल्या घरांत मदतीची गरजच नाही, आणि ते मला सहन होणार नाही.

अमेरिकेत 'रीच टू' नावाचा अभ्यास झाला, २००६ साली प्रसिद्ध झाला. पाच शहरांतले, असंच घरी सांभाळणारे ६४२ जण. हिस्पॅनिक (मूळचे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतले), गोरे आणि कृष्णवर्णीय, तिन्ही गट मुद्दाम जवळपास सारखे ठेवलेले. सहा महिने घरी जाऊन आणि फोनवर मदत केली. हिस्पॅनिक आणि गोऱ्यांना फायदा झाला, कृष्णवर्णीयांत मात्र तो नवरा किंवा बायकोला सांभाळणाऱ्यांतच ठळक दिसला. म्हणजे एकच मदत सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. आपला गट तर त्यात नव्हताच. मग आपल्याला काय लागू पडेल, हे कोण सांगणार?

कृपा करून मोकळेपणाने लिहा, काय अडलं?

— आरोग्य समितीतर्फे

*

ताई,

निवेदन मी वाचलं होतं. ते माझ्यासाठी आहे असं वाटलंच नाही. सासूबाईंना आंघोळ घालते, गोळ्या देते, रात्री दाराची कडी वाजली की उठून धावते. पण निवेदनातला 'केअरगिव्हर' म्हणजे पगारी बाई, असंच माझ्या डोक्यात. मी सून आहे, करते.

मागे दुसऱ्या एका अभ्यासाचा फॉर्म उघडला होता. रुग्णाशी नातं: पती-पत्नी, मुलगा-मुलगी, इतर. सात वर्षं करून मी 'इतर'! तिथेच बंद केला. शिवाय मुलाखत दुपारी, त्यांच्या ऑफिसात. तेवढा वेळ आईंजवळ बसणार कोण?

*

सर्वांना नमस्कार,

मी अशा एका अभ्यासात भाग घेतला आहे, म्हणून लिहितो. हिच्या आजाराचं नाव घ्यायलाच आम्हाला वर्ष लागलं. वयोमानाने होतं, म्हणत राहिलो.

झॅरिट नावाच्या संशोधकांची बावीस प्रश्नांची प्रश्नावली होती. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. सांभाळण्याचं किती ओझं वाटतं, असा तिचा रोख. बायकोला ओझं कसं म्हणू? मी 'कधीच नाही'वर खुणा करत सुटलो. शेवटी मुलाखत घेणाऱ्या मुलीने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काका, सलग चार तास शेवटचे कधी झोपलात?" मला आठवेना. माझं खरं उत्तर ते होतं, पण प्रश्नावलीत त्याला जागा नव्हती. कागदावर मी मजेत.

आणखी एक. सही करायच्या आधी माहिती कुणाच्या हाती जाणार, हे मी तीनदा विचारलं. तिने न कंटाळता मराठीत सांगितलं, मधेच सोडता येईल हेही सांगितलं. जमेल तेवढं हिलाही समजावून हिची संमती विचारली. त्यामुळे मी टिकलो.

*

काका, ताई,

तुम्ही दोघांनी लिहिलंत, फार बरं केलंत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की डिमेन्शियातल्या देखभालीचे ७० टक्के तास बायकाच देतात. आपल्याकडे त्यांत सुना किती, हे फॉर्ममध्ये 'सून' असल्याशिवाय कळायचं कसं?

आजच अभ्यासवाल्यांशी बोलले. रात्री नऊनंतर फोनवर मुलाखत घ्यायला ते तयार आहेत. कुणाला समोरच बसून बोलायचं असेल, तर तेवढा वेळ आजारी माणसाजवळ बसायला आपल्यातलं कुणी जाईल. मी स्वतः जाईन. निष्कर्ष मराठीत परत सांगायचे, ही अटही घातली आहे. त्यावर अजून हो आलेलं नाही, मी पाठपुरावा करते आहे.

नवं निवेदन असं करू का?

"घरात कुणाची आठवण जाते आहे का? त्यांची औषधं, आंघोळ, पैशांचे व्यवहार, रात्रीचं जागरण तुमच्याकडे आहे का? सून, जावई, नातू, शेजारीण, की परदेशातून रोज फोनवर सगळं बघणारा मुलगा; तुमच्याशी बोलायचं आहे."

'आठवण जाते' खटकत असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा, उद्या सकाळी पाठवते.