मदत हवी आहे: हंगामाचे पैसे आगाऊ भरायचे, पण करार कसा करायचा?
आम्ही काही ग्राहक मिळून नैसर्गिक शेती करणाऱ्या एका सहकारी संस्थेकडून थेट भाजी-धान्य घेतो. आता पेरणीआधीच हंगामाचे पैसे भरायचं घाटतंय. जपानमध्ये १९७०च्या दशकात ‘तेइकेई’ ही शेतकरी-ग्राहकांची थेट भागीदारी सुरू झाली, फ्रान्समध्ये २००१ पासून ‘आमाप’ नावाचे तसेच गट आहेत, तसंच काहीसं. पीक बुडालं तर झळ दोघांनी सोसायची. घोडं इथेच अडलंय. मोर्चात सगळ्यांच्या पुढे असणारी मंडळीच पिशवीत पुन्हा मुळा निघाला की कुरकुरतात!

करारात तोट्याची वाटणी नेमकी कशी लिहिता? मध्येच सोडणाऱ्याला पैसे परत देता का? शिवाय महागड्या प्रमाणपत्राऐवजी सहभागी हमी पद्धत, म्हणजे शेतकरी-ग्राहकांनी मिळून शिवारफेरी करून केलेली तपासणी, कुणी चालवलीय का? नोंदी कोण ठेवतं? कराराचा नमुना असल्यास कृपया पाठवा.