मदत हवी आहे : जुन्या ईथरच्या बाटलीचे काय करावे?

नमस्कार.

एका शैक्षणिक प्रयोगशाळेच्या रसायन-भांडाराची जबाबदारी माझ्याकडे नुकतीच आली आहे. नोंदवही आणि प्रत्यक्ष साठा यांचा मेळ घालताना ज्वलनशील द्रावकांच्या कपाटात, अगदी मागच्या रांगेत, डायएथिल ईथरच्या दोन बाटल्या सापडल्या आणि त्यांच्याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पहिली बाटली अर्ध्या लिटरची, तपकिरी काचेची असून तिच्या तळाशी जेमतेम दोन बोटे द्रव उरला आहे. नोंदवहीप्रमाणे तिची खरेदी सहा वर्षांपूर्वीची आहे. ती उघडली कधी, याची नोंद कुठेही नाही. झाकणाच्या खालच्या कडेला पांढरट थर दिसतो. तो पेरॉक्साइडचा (हवेतल्या ऑक्सिजनमुळे ईथरमध्ये तयार होणाऱ्या स्फोटक संयुगांचा) आहे की नुसता मळ, हे बाहेरून ओळखता येत नाही. दुसरी बाटली मागच्या वर्षीची आहे, अर्ध्याहून अधिक भरलेली आहे आणि चार महिन्यांपूर्वी उघडल्याची तारीख कोणीतरी तिच्यावर नीट लिहून ठेवली आहे.

माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते, तेव्हा पहिली बाटली फ्यूम हूडमध्ये (वाफ बाहेर ओढून नेणाऱ्या बंदिस्त कपाटात) झाकण काढून ठेवावी, दोन दिवसांत सारे उडून जाईल आणि रिकामी बाटली धुऊन टाकता येईल. हा उपाय ऐकायला सोपा आहे, परंतु ईथरच्या पेरॉक्साइडबद्दल जे थोडेफार वाचले आहे, त्यावरून मला तो धोक्याचा वाटतो. कबूल करायला हवे की नोंद घेताना ही बाटली मी एकदा उचलून पुन्हा जागेवर ठेवली होती. तेव्हा तिच्याकडे मी केवळ लवकर पेट घेणारे द्रावक म्हणून पाहत होते. त्यानंतर तिला हात लावलेला नाही, कपाटावर सूचना चिकटवली आहे आणि विभागप्रमुखांना तोंडी कळवले आहे.

पहिल्या बाटलीची विल्हेवाट कोणी आणि कशी लावावी, तसेच दुसरी बाटली वापरण्याजोगी आहे की नाही हे कसे तपासावे, एवढे दोन प्रश्न आहेत.

प्रतिसाद १

आपली शंका योग्य आहे आणि सहकाऱ्यांचा उपाय कृपया मुळीच करू नये. ईथरच्या रेणूत ऑक्सिजनच्या शेजारी असलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो, आणि हवेतला ऑक्सिजन तेथे जोडला जाऊन हळूहळू हायड्रोपेरॉक्साइड व पुढे त्याहून जड, बहुवारिक (अनेक रेणू जोडले जाऊन झालेल्या) स्वरूपाची पेरॉक्साइडे तयार होतात. प्रकाशामुळे ही क्रिया वेग घेते. ही संयुगे ईथरसारखी उडून जात नाहीत, कारण त्यांचा उत्कलनांक ईथरपेक्षा बराच वर असतो. त्यामुळे ईथर जसजसे उडते, तसतसे तळाशी राहणारे मिश्रण अधिकाधिक संहत होत जाते आणि ज्या बाटलीत सुरुवातीला कदाचित सौम्य मिश्रण होते, तिच्यातच अखेरीस घर्षणाने, धक्क्याने किंवा उष्णतेने स्फोट होऊ शकेल असा अवशेष उरतो. ऊर्ध्वपातन करताना ईथर कधीही कोरडे होईपर्यंत आटवू नये, हा जुना नियम याच कारणासाठी आहे.

म्हणूनच दोन बोटे उरलेली बाटली भरलेल्या बाटलीपेक्षा जास्त चिंतेची. द्रव कमी म्हणजे वरची हवा जास्त, आणि सहा वर्षांत झाकणाच्या फटीतून किती ईथर आपोआप उडाले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. झाकणाच्या आट्यांमध्ये पांढरा थर असेल, तर झाकण फिरवताना होणारे घर्षणही पुरेसे ठरू शकते. तो थर निव्वळ मळ असण्याची शक्यता आहेच, परंतु ते तपासून पाहण्यासाठी झाकण उघडणे हा मार्ग नाही.

बाटली आहे तेथेच राहू द्यावी, हलवू नये, कपाटाचे दार पुन्हा पुन्हा उघडू नये आणि शक्य असल्यास त्या खोलीतले काम थांबवावे. संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना तोंडी नव्हे, लेखी कळवावे. अशा बाटल्या हलवण्याचे काम स्फोटक पदार्थ हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या पथकाचे असते. नेहमीचा रासायनिक कचरा उचलणाऱ्यांना ती देऊ नये, आणि त्यांना बोलावलेच तर बाटलीचे वय व झाकणावरचा थर यांची कल्पना आधी द्यावी.

प्रतिसाद २

बाटली शीतकपाटात ठेवली तर पथक येईपर्यंत धोका कमी होईल, असे वाटते.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांचे उत्तर

दोन कारणांनी नको. एक तर त्यासाठी बाटली हलवावी लागेल. दुसरे असे की थंडीमुळे पेरॉक्साइड तयार होण्याचा वेग मंदावला, तरी तयार झालेले पेरॉक्साइड जागच्या जागीच राहते. शिवाय साध्या शीतकपाटाच्या आतल्या दिव्याच्या किंवा तापमान-नियंत्रकाच्या ठिणगीने ईथरची वाफ पेट घेऊ शकते. ईथरचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेट घेण्याइतकी वाफ निर्माण होण्याचे किमान तापमान, उणे ४५ अंशांच्या आसपास असल्यामुळे शीतकपाटातल्या तापमानालाही पेटण्याइतकी वाफ निर्माण होत असते. ज्वलनशील द्रावकांसाठी मुद्दाम बनवलेली, आत ठिणगी न होणारी शीतकपाटे वेगळी असतात.

प्रतिसाद ३

दुसऱ्या बाटलीबद्दल लिहितो. झाकण स्वच्छ आहे, द्रव निवळ आहे, वय आणि उघडल्याची तारीख माहीत आहे, एवढ्या गोष्टी जुळत असतील तरच तपासणीचा विचार करावा. यांपैकी एकाही बाबतीत शंका असल्यास तीही पहिल्या बाटलीच्या रांगेत धरावी.

तपासणीसाठी पेरॉक्साइड दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. पट्टी द्रवात क्षणभर बुडवून बाहेर काढावी, ईथर उडून जाऊ द्यावे, मग पट्टीवर पाण्याचा एक थेंब टाकून ठरलेल्या वेळेनंतर रंग डबीवरच्या तक्त्याशी ताडून पाहावा. पाण्याचा थेंब विसरला की पट्टी रंगच दाखवत नाही आणि आपण निर्धास्त होतो. ही चूक मी स्वतः विद्यार्थिदशेत केली आहे. पट्ट्या नसतील तर आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाची जुनी पद्धत आहे. पेरॉक्साइड असल्यास आयोडीन मोकळे होते, द्रावण पिवळे ते तपकिरी होते आणि त्यात स्टार्च घातल्यास निळा रंग येतो. दशलक्ष भागांत २५ पेक्षा कमी पेरॉक्साइड असेल तर सामान्य निष्कर्षणासाठी (मिश्रणातला हवा तो पदार्थ ईथरमध्ये विरघळवून वेगळा काढण्यासाठी) ईथर वापरावे, १०० च्या वर असेल तर वापर बंद करावा, असा अनेक प्रयोगशाळांचा प्रघात आहे. आटवण्याचे किंवा ऊर्ध्वपातनाचे काम असेल तर मात्र त्याच दिवशी तपासणी केल्याशिवाय सुरुवात करू नये. पट्ट्यांना सर्वच प्रकारची बहुवारिक पेरॉक्साइडे नीट कळत नाहीत, म्हणून जुन्या बाटलीसाठी पट्टीचा भरवसा धरता येत नाही.

पेरॉक्साइडच्या चर्चेत ईथरची रोजची जोखीम मागे पडू नये. त्याची वाफ हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने ती टेबलाच्या पृष्ठावरून व जमिनीलगत सरपटत जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ज्वाळेपर्यंत पोहोचून आग उलट बाटलीकडे येऊ शकते. ज्वाळाच हवी असेही नाही. ही वाफ १६० ते १८० अंशांच्या दरम्यान आपोआप पेटते, तेव्हा तापलेली हॉटप्लेट पुरते. सेपरेटिंग फनेल (एकमेकांत न मिसळणारे द्रव वेगळे करण्याचे तोटीचे भांडे) हलवताना दाब वारंवार सोडावा, आणि फनेलचे तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे नसावे.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. लेखी कळवल्यानंतर खोली बंद करण्यात आली आणि प्रशिक्षित पथकाने पहिली बाटली काल सुरक्षितपणे हलवली. तो थर कशाचा होता, हे आम्हाला कळले नाही आणि ते कळावे असा आग्रह मी धरला नाही. दुसऱ्या बाटलीची पट्टी-तपासणी केली असता रंग सर्वांत खालच्या खुणेइतकाही आला नाही. यापुढे बाटली आल्याची आणि उघडल्याची अशा दोन्ही तारखा झाकणावर नव्हे, बाटलीच्या अंगावर लिहायच्या, उघडलेली बाटली सहा महिन्यांत संपवायची आणि मोठ्या बाटलीऐवजी लहान बाटल्या मागवायच्या, असे ठरवले आहे. कपाटात टेट्राहायड्रोफ्युरान आणि डायऑक्सेन ही पेरॉक्साइड तयार होणारी ईथरवर्गातली द्रावकेही आहेत. त्यांनाही हाच नियम लावत आहे.

एक उपप्रश्न राहिला. नव्या बाटल्यांच्या माहितीपत्रकात बीएचटी हा स्थिरक (पेरॉक्साइड तयार होणे रोखणारा पदार्थ) मिसळल्याचे लिहिले आहे. तो असताना पेरॉक्साइडची तपासणी करण्याची गरज उरते का, आणि प्रयोगात तो अडथळा आणतो का?

प्रतिसाद ३ लिहिणाऱ्यांचे उत्तर

गरज उरते. बीएचटी पेरॉक्साइड तयार होण्याची साखळी तोडतो, पण तसे करताना तो स्वतः खर्च होत जातो. त्यामुळे त्याने मिळते ती मुदतवाढ, कायमचे संरक्षण नव्हे. अडथळ्याबाबत सांगायचे तर तो ईथरसोबत उडून जात नाही. मोठ्या आकारमानाचे ईथर आटवून अगदी थोडा पदार्थ मिळवायचा असेल, तर मिळालेल्या पदार्थात बीएचटी दिसतो आणि एनएमआर वर्णपटात (पदार्थाची रेणूरचना ओळखण्याच्या चाचणीच्या आलेखात) त्याच्या रेषा ठळकपणे येतात. विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या निष्कर्षणाला त्याने काही बिघडत नाही. अॅल्युमिनाच्या स्तंभातून ईथर गाळून बीएचटी काढता येतो, मात्र तसे गाळलेले ईथर पुन्हा बाटलीत भरून ठेवू नये; लागेल तेवढेच गाळावे आणि त्याच दिवशी वापरून संपवावे.