सदस्यत्व मिळण्याआधीच निर्बंधांत सामील का व्हायचं?

भाऊ, युरोपीय संघात जाऊ पाहणारा मॉन्टेनेग्रोसारखा चिमुकला देश रशियावरच्या निर्बंधांत संघाच्या हो ला हो मिळवतो ही निव्वळ लाचारी, असं तुम्ही लिहिलंत. मला ते पटत नाही.

संघात प्रवेशाच्या वाटाघाटी विषयवार प्रकरणांत चालतात, आणि त्यातलं ३१वं प्रकरण परराष्ट्र आणि संरक्षण धोरणाचंच आहे. संघ निर्बंध ठरवतो आणि मग उमेदवार देशांना सोबत या म्हणतो. ठरवताना त्यांना मत नसतं, हे मलाही खटकतं. पण बाकी प्रकरणांत कायदे बदलण्यात, न्यायालयं सुधारण्यात वर्षं जातात. इथे आपली बाजू आजच दाखवता येते. शिवाय रशियाला एकट्याने नाही म्हणणं वेगळं आणि २७ देशांसोबत म्हणणं वेगळं.

फुकट मात्र काही मिळत नाही. मॉन्टेनेग्रो २०१४ मध्ये रशियावरच्या निर्बंधांत गेला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये रशियाने त्याच्या व अल्बानियाच्या खाद्यमालाला दार लावलं. आमच्या वरुड-मोर्शीकडच्या संत्रापट्ट्यात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं की व्यापारी आंबिया बहाराच्या संत्र्याचा भाव पाडून मागतो, नाहीतर सौदाच मोडतो, आणि माल झाडाखाली गळून पडतो.

दुसरा उमेदवार सर्बिया. त्याच्या वाटाघाटी २०१४ पासून सुरू आहेत, पण रशियावर निर्बंध लावायला तो तयार नाही. गॅस रशियाचा, सफरचंदाला मोठा बाजार रशियाचा, सर्बियापासून वेगळं झाल्याचं जाहीर करणाऱ्या कोसोवोच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाठीशी उभा राहणाराही रशियाच. मग त्याला स्वाभिमानी म्हणायचं का? मला तर तोही तितकाच बांधलेला दिसतो, फक्त दोर दुसऱ्याच्या हातात आहे.